कोजागिरीचा लांडगा

समोरच्या घराच्या लॉनवर प्लास्टिकचा सांगाडा खुर्ची टाकून बसला, की मी बदाम-पिस्ते आणायला निघते. कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमच्याकडे ऑक्टोबर असा दोन दारांनी येतो. एका दाराने हॅलोविन, दुसऱ्याने कोजागिरी. फ्रिजवर माझी यादी लागते: विंटर टायर्स बसवायची वेळ घेणे, फर्नेसचा फिल्टर, पानं भरायच्या कागदी पिशव्या, बागेतल्या नळाचं पाणी आतून बंद करणे, मंडळासाठी दूध मसाला. गेली काही वर्षं ह्या यादीत शेवटी एक शब्द असतो. लांडगा. बाकीची कामं उरकली की मी त्यांच्यावर रेघ मारते. लांडग्यावर रेघ मारायला हात होत नाही.

यंदा पहिल्या गार सकाळी दार उघडलं, तर भिजलेल्या मेपलच्या पानांचा वास आला. गाळणीत राहिलेल्या चहाच्या चोथ्यासारखा असतो तो. आणि त्याच्या मागोमाग, दरवर्षीसारखा, उकडलेल्या बिटाचा वास. बीट घरात नव्हतंच. पण काही वर्षांपूर्वीच्या त्या शरदात माझ्या स्वयंपाकघरात बीट पातेली भरभरून उकडलं जायचं, कॉर्नफ्लोअर घालून दाट केलं जायचं आणि गार झालं की माझ्या सासऱ्यांच्या हनुवटीवर ओघळायचं. सिनेमातलं रक्त होतं ते. ओट्याच्या कोपऱ्यात एक गुलाबी डाग अजून आहे. मी डाग ठेवणारी बाई नाही, पण तो ठेवलाय.

माझे सासरे म्हणजे आबा. नाशिकला बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि सासूबाई गेल्यावर त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले. दोन बॅगा आणल्या होत्या, त्यातली एक अर्धी रिकामी. मी ती उचलली तेव्हाच मला कळलं की ह्या माणसाला काय आणावं ते सुचलेलं नाही. आबा बोलत फारच कमी. चहा झाला की कप विसळून ठेवायचे, पेपर नसल्यामुळे औषधांच्या खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचायचे, आणि संध्याकाळी फिरायला जायचे.

आमची वसाहत नवी आहे. बिल्डरने एकच नकाशा घेऊन रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत छापत नेलाय. तीच करडी वीट, तेच गॅरेज, दाराशेजारी तीच अरुंद काच. झाडं म्हणजे काठीला बांधलेल्या काड्या. आम्ही स्वतः पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ आपलाच समजून निम्मा शोव्हल करून झाल्यावर थांबलो होतो. तेव्हा आम्ही हसलो, कारण आम्ही तरुण नसलो तरी म्हातारेही नव्हतो.

आबा चुकले तेव्हा कोणी हसलं नाही. एका संध्याकाळी फिरायला गेले आणि परत येताना त्यांना घर सापडेना. फोन घरी होता. ते एकेका दाराशी जाऊन काचेतून आत बघत होते. कोणी दार उघडलं नाही. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका भल्या गृहस्थाने त्यांना गाडीत बसवून आणून सोडलं. दारात आबा उभे होते. कोणाच्या तरी स्प्रिंकलरखाली भिजलेले, चपलांना चिखल, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की माझ्याने बघवेना. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आबा, पाय पुसून या."

जेवताना आमटीविषयी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दाराच्या मुठीला गुपचूप एक लाल फीत बांधली. आबांनी ती पाहिली. त्यानंतर त्यांचं फिरणं बंद झालं. उन्हाळ्याच्या त्या लांबच लांब संध्याकाळी आबा दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून दाराकडे बघत असायचे. आपलं हसं झालं, ही एकच गोष्ट त्यांना आतून खातेय, असं मला वाटायचं. ते पुन्हा घराबाहेर पडतील का, एवढीच माझी त्या दिवसांतली काळजी होती.

आणि मग आमची लेक आली. ईरा तेव्हा वॉटर्लूला कॉम्प्युटर शिकत होती आणि अभ्यासाखेरीज बाकी सगळं करत होती. ऑगस्टच्या शेवटी तिने जेवता जेवता जाहीर केलं, "आई, आय नीड द बेसमेंट, द गॅराज अँड आबा."

"बेसमेंट घे. गॅरेजमध्ये टायर रचलेत, ते हलवायचे नाहीत. आबा कशाला?"

"वुई आर मेकिंग अ फिल्म. ही इज द वेअरवुल्फ."

मी ताटावरून मान वर केली. महेशने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आबांनी शांतपणे भातावर ताक घेतलं आणि विचारलं, "तालीम किती वाजता?"

सिनेमाचं नाव होतं ‘फुल मून, ग्रीन बिन’. एक निवृत्त गृहस्थ मुलाकडे राहायला येतो. दर पौर्णिमेला त्याचा लांडगा होतो. घरातल्या कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण सगळे फोनमध्ये. हा लांडगा माणसं खात नाही. ओला कचरा टाकायच्या हिरव्या डब्यांना ग्रीन बिन म्हणतात, तो ते फोडतो, आणि सगळी वसाहत रात्री कचरा उपसणाऱ्या रकून प्राण्याच्या नावाने बोटं मोडते. भीतीपट आणि विनोदी, दोन्ही एकदम. खर्च जवळजवळ नाही. लांडग्याची कातडी म्हणजे स्वस्तातल्या दुकानातून आणलेली बाथरूमची तपकिरी पायपुसणी, ती मी शिवणयंत्रावर जोडून दिली. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे माझं स्टीलचं ताट. मित्राने ते बेसमेंटच्या खिडकीबाहेर धरायचं आणि दुसऱ्याने त्यावर टॉर्च मारायचा.

आणि कवळी. आबांना वरची कवळी आहे. माणसाचा लांडगा होतो तो प्रसंग मुलांनी फार अवघड करून ठेवला होता. धूर, किंचाळणं, कॉम्प्युटरवरची करामत. एक दिवस आबा म्हणाले, "इतकं कशाला? मी कवळी काढतो, ग्लासात ठेवतो आणि तुमचे सुळे बसवतो. घाई न करता. रोज झोपताना करतो तसं." मुलं हसून जमिनीवर लोळायची बाकी राहिली. मी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या करत होते. मला फक्त ते हसणं ऐकू आलं आणि मी घडी अर्धी टाकून जिन्यापर्यंत आले.

कारण असं होतं, की हा सिनेमा विनोदी आहे हे आबांना कोणी सांगितलंय का, ह्याची आम्हाला खात्री नव्हती. नाशिकच्या घरात भिंतीवर आबांचा एक फोटो आहे. बँकेतल्या मंडळींनी केलेल्या हौशी नाटकातला, मरणपंथाला लागलेल्या राजाचा. महेशने लहानपणापासून तो बघितलेला. "आबा लोकांना रडवायचे," तो म्हणायचा, "स्वतः बघितलं नाही, पण सगळे सांगायचे." आणि बेसमेंटमध्ये आबा काम करत होते ते तसंच, राजा मरत असल्यासारखं. पायपुसण्यांच्या कातड्यात घामेघूम होऊन, डोळ्यांत पाणी आणून. मुलं कॅमेऱ्यामागे तोंडात बोळे कोंबत होती.

सप्टेंबरच्या मध्यावर आमच्याच रस्त्यावर शेवटचा प्रसंग झाला. पहिली पानं पिवळी पडली होती. मी दिवा धरून उभी होते. लांडगा डबे फोडून परत निघतो आणि त्याला घर सापडत नाही. सगळी घरं सारखी. तो एकेका दाराशी जातो, काचेला नाक लावतो आणि मराठीत म्हणतो, "दार उघडा हो. मी आहे." कोणी उघडत नाही. तो पुढच्या दाराशी जातो. "दार उघडा हो. मी आहे."

दिवा मी खाली ठेवला. मी ईराला लॉन्ड्री रूममध्ये नेलं.

"हे तू लोकांना दाखवणार?"

"इट्स द बेस्ट पार्ट, आई. इट्स सो फनी."

"त्यांना ते फनी नव्हतं वाटलं. ते फिरायला जायचे थांबलेत, तुला माहितेय?"

"आय नो. बट हाऊ डू यू नो त्यांना काय वाटलं? डिड यू आस्क?"

ड्रायरचा गजर झाला, तो मी बंद केला. शेवटच्या दारातून एक हात बाहेर यायला हवा होता, आणि मोठी बाई म्हणून सेटवर मी एकटी होते. म्हणून तो हात माझा आहे. बांगड्या आणि ओव्हनचा जाड हातमोजा. दार उघडतं, समोर बिटाच्या रक्ताने माखलेला लांडगा, आणि माझा आवाज म्हणतो, "आबा, पाय पुसून या." ते वाक्य ईराने कुठून घेतलं हे मी विचारलं नाही. त्या दिवशी ती घरात नव्हती, हे मात्र माझ्या लक्षात होतं.

पहिला खेळ वॉटर्लूला झाला, ईराच्या वर्गाच्या खोलीत. सगळी पोरंपोरी, पॉपकॉर्न, जॅकेटांचा ढीग. आबा मधल्या रांगेत माझ्या आणि महेशच्या मध्ये. कवळी ग्लासात पडली आणि खोली फुटली. हसणं म्हणजे काय! मागचा एक मुलगा "नो, नो, नो" करत खुर्चीवरून घसरला. पुढे प्रत्येक डब्याला हशा, प्रत्येक गुरगुरण्याला हशा. आणि दारांच्या प्रसंगाला तर दर दारागणिक वाढत गेलेला. मी एकदाही हसले नाही. मी आबांकडे बघत होते. ते ताठ बसले होते, चेहरा दगडाचा, ओठ मात्र किंचित हलत होते.

खेळ संपल्यावर मुलांनी त्यांना गराडा घातला, फोटो काढले. आबा सगळ्यांना नमस्कार करत होते. परत येताना हायवेवर ते खिडकीबाहेर बघत होते. महेशने विचारलं, "बरं वाटलं का, आबा?" ते म्हणाले, "बोलणं बुडतं त्यांच्या आवाजात." बस. महेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. आम्हाला जे समजायचं ते आम्ही समजलो.

पुढचे काही दिवस आबांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आत ते ईराशी फोनवर बोलत असायचे, हळू आवाजात. मला वाटलं, समजूत घालतेय पोरगी. मी ग्वेल्फच्या एका कारखान्यात मालाचं वेळापत्रक बघते. कुठला ट्रक कधी निघाला, कुठे अडकला, ह्यावर माझं पोट आहे. दाराआडच्या त्या बोलण्याचं मात्र मला काही कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. आमच्या घरात विचारत नाहीत. आम्ही फीत बांधतो.

आणि त्यातच मंडळाच्या सेक्रेटरी मेधाताईंचा फोन. ह्या वर्षी कोजागिरीला आपल्याच मुलीने केलेला सिनेमा दाखवायचा. आम्हाला विचारायच्या आधीच ईराने हो म्हटलं होतं, आणि ईराच्या आधी आबांनी.

आमची कोजागिरी जवळच्या शनिवारी असते. चंद्र दोन-तीन दिवस मागेपुढे, चालवून घेतो. रात्र जागवायचीही सोय नाही, हॉल नऊला रिकामा करून द्यावा लागतो. त्यामुळे लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ विचारत फिरते तेव्हा मिल्टनचं मंडळ भांडी घासून झोपलेलं असतं. दूध मोठ्या स्टीलच्या थर्मासमध्ये, चंद्रप्रकाश पार्किंगमध्ये. ज्यांना हौस असेल त्यांनी जॅकेट घालून पेला घेऊन बाहेर जाऊन यायचं.

सिनेमाचा विषय ऐकून हॉलमध्ये आधीच चर्चा रंगली होती.

"पौर्णिमेला कसलं भूत हो? अमावास्या पाहिजे."

"अहो, इकडचं भूत आहे. त्यांचं कॅलेंडर वेगळं."

"पौर्णिमेला आपल्याकडे सत्यनारायण. त्या दिवशी लांडगा झाला तर प्रसाद कोण खाणार?"

"तो ग्रीन बिनमधलं खातो म्हणे. म्हणजे शाकाहारीच म्हणायचा."

मी पेले मांडत होते. एवढी माणसं हसायच्या तयारीत आलेली बघून मला वाटत होतं, जाऊन प्रोजेक्टरची वायर काढावी. वॉटर्लूची मुलं परकी होती. ही माणसं ओळखीची. ही उद्या दुकानात भेटणार, "काय आबा, घर सापडलं का?" म्हणणार. आणि मग आबा खुर्चीतूनही उठायचे नाहीत.

कोजागिरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. मंडळात कोणाकोणाची थोरली मुलं ओवाळणार, म्हणून मेधाताईंनी फार पूर्वीच एक सोपी पद्धत पाडली. हॉलमधल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाला ओवाळायचं, शाल-नारळ द्यायचा. त्या वर्षी ते आबा निघाले. पहिल्या रांगेत मधली खुर्ची. हॉलमध्ये ज्योत पेटवता येत नाही म्हणून तबकात बॅटरीची पणती. कुंकू, अक्षता, शाल, मांडीवर नारळ. मेधाताईंनी दोन शब्द सांगितले, आबांच्या दुःखाचा उल्लेख केला, ह्या वयात नातीसाठी परक्या देशात कष्ट घेतले असं म्हणाल्या. लहान मुलांना रांगेने पाया पडायला लावलं. टाळ्या झाल्या. मग दिवे गेले आणि माझं स्टीलचं ताट आकाशात उगवलं.

कवळी ग्लासात पडली. टपकन.

कोणीही हसलं नाही.

आधी माझा विश्वास बसेना. मग हायसं वाटलं, इतकं की मी पाठ टेकून बसले. शाल पांघरलेल्या माणसाला हसणार कोण? आत्ताच तर सगळ्यांची मुलं त्याच्या पाया पडली होती. हॉलभर लोक मान खाली घालून, ओठ आवळून बसले होते. कोणाचे खांदे हलले तर बायको कोपराने ढोसत होती. लांडग्याने पहिला डबा फोडला. शांतता. केळीची साल डोक्यावर घेऊन तो चंद्राकडे बघून ओरडला. शांतता, आणि कुठेतरी एक खोकला. मला एवढंच जाणवलं की सिनेमा वॉटर्लूपेक्षा लांब झालाय. मध्ये मध्ये लांडगा नुसताच उभा राहतो, कशाची तरी वाट बघितल्यासारखा.

ईरा अंधारातून वाकून माझ्या कानाशी आली. रडायच्या बेताला आली होती.

"आई, व्हाय आर दे नॉट लाफिंग?"

"बरंय ना मग. आबांना बरं वाटेल."

"काय बरं वाटेल? आई, ते गॅप्स आबाने टाकायला लावले! फोनवर, रोज. इथे हशा येणार, इथे थांब, हशा उतरला की माझं वाक्य. वॉटर्लूमध्ये त्याचे डायलॉग बुडाले म्हणून. ही काउंटेड द लाफ्स, आई. अँड द डोअर्स, दॅट्स हिज स्टोरी. त्यानेच मला सांगितली. तुझ्या त्या वाक्यासकट."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. शालीतले आबा मला पाठमोरे दिसत होते. पडद्यावर पुढची मोकळी जागा आली. लांडगा थांबला. हॉल गप्प. आणि आबांची मान थोडी खाली गेली. पुढच्या जागेला आणखी थोडी. मी तो माणूस दारात चिखलाने भरून उभा राहिलेला बघितला होता, पण त्याचा अपमान होताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो आम्ही सगळे मिळून अतिशय आदराने करत होतो.

मी उठणार होते. काय करणार होते माहीत नाही. त्याआधी आबा उठले.

"ईरा, थांबव गं जरा."

लांडगा एक पाय वर करून पडद्यावर थिजला. कोणीतरी दिवा लावला. आबांनी शाल काढली, नीट घडी घातली आणि मेधाताईंच्या हातात दिली. नारळ कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तोही त्यांनाच दिला.

"मंडळी, सत्काराबद्दल आभारी आहे," ते वळून म्हणाले. "आता तो विसरा. चाळीस वर्षं नाटकातून काम केलं. पण एवढा सभ्य प्रेक्षक बघितला नाही. मला वाटलं, दिवे गेले तशी माणसंही घरी गेली."

एका कोपऱ्यातून पहिला फिस्स आवाज आला.

"त्या राजाच्या फोटोविषयी महेश सगळ्यांना सांगतो. ते नाटक विनोदी होतं. राजा मरायला टेकलाय आणि काही केल्या मरत नाही, तीन अंक! अरे, पायपुसणी पांघरून कोणी शोकांतिका करतं होय?" आता हॉल हलायला लागला होता. आबांनी खिशातून रुमाल काढला, शांतपणे वरची कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने, नाटकवेड्या म्हाताऱ्यांच्या खणखणीत पट्टीत, स्वतःलाच उद्देशून ओरडले, "वन्स मोअर!"

मग जे सुरू झालं ते मला नीट सांगता येणार नाही. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. "वन्स मोअर, वन्स मोअर," मागून म्हातारे ओरडत होते. मेधाताई नारळ छातीशी धरून हसत होत्या, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ईराने सिनेमा पहिल्यापासून लावला. कवळी पडली, हशा आला, आणि लांडगा थांबला, आणि ती मोकळी जागा काठोकाठ भरली. बरोबर तेवढीच जागा होती ती. आबांनी आमच्याकडून किती हसणं येईल ते आधीच मापून ठेवलं होतं.

दारांचा प्रसंग आला. पहिल्या दाराला हसले, दुसऱ्याला जास्त. तिसऱ्या दाराशी लांडग्याने काचेला नाक लावून म्हटलं, "दार उघडा हो. मी आहे." हॉलमधल्या प्रत्येकाचं घर तसंच करडं आहे, त्याच काचेचं. हसता हसता आवाज एकदम खाली आला. वॉटर्लूच्या मुलांनी ते वाक्य पडद्याखाली इंग्रजीत वाचलं होतं. ह्या माणसांना ते ऐकू आलं. कुणाची आई तिकडे एकटी होती, कुणाचे वडील येऊन राहून कंटाळून परत गेले होते. तेवढ्यात दार उघडलं, माझा हातमोजा बाहेर आला आणि माझा आवाज म्हणाला, "आबा, पाय पुसून या." छप्पर उडायचं बाकी राहिलं. मी हसले. त्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदा, पोट धरून. आणि पहिल्या रांगेतून आबांचं हसणं ऐकू आलं, बोळक्या तोंडाने हसताना त्यांची थोडी शिट्टी वाजते, ते आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

नंतर दूध पिताना प्रतिक्रियांचा पाऊस पडला. एका काकांनी कवळी कुठल्या डेंटिस्टकडे केली ते विचारून घेतलं. एका बाईंचं मत होतं की लांडग्याने निदान पोहे टाकून द्यायला नको होते. "पौर्णिमेचं काही पटलं नाही," असं बजावून एक आजोबा तिसरा पेला घेऊन गेले. आणि एक तरुण मुलगी आबांजवळ येऊन म्हणाली, "माझे बाबापण आमचं घर चुकले होते. आम्ही कुणाला सांगितलंच नाही." आबा म्हणाले, "सांगायचं होतंस. दोन लांडगे घेतले असते."

मी पुष्कळदा विचार करते, आदर म्हणून आपण किती गोष्टींवर शाल घालतो. त्या संध्याकाळनंतर आम्ही आमटीविषयी बोललो, फीत बांधली, आवाज खाली आणला. सगळं चांगल्या मनाने. पण खाली घातलेल्या मानांकडे बघत राहणं किती एकटं करणारं असतं, ते मला हॉलमध्ये कळलं. आबांना ती गोष्ट सांगायची होती. सांगताना समोरच्याने हसायला हवं होतं. घरात तसं कोणी सापडेना, म्हणून त्यांनी ती नातीला दिली. मी वेळापत्रकं आखते, कामं वाटते, काहीही अडलं तर सोडवते. पण एखाद्याला नुसतं ‘मग काय झालं, आबा?’ असं विचारणं हे कुठल्याच यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी बूट घातले. जाता जाता मुठीवरची लाल फीत सोडून खिशात घातली. मी खिडकीत उभी राहिले नाही, महत्प्रयासाने. बऱ्याच वेळाने दार वाजलं. "सापडलं का?" मी विचारलं. "दोन घरं चुकून मग," ते म्हणाले. "दुसऱ्या घरातल्या माणसाने सिनेमा बघितलाय. फोटो काढला माझ्याबरोबर."

पुढच्या वसंतात आबा नाशिकला परत गेले. मी विचारलं, "इथे करमत नाही का?" म्हणाले, "करमतं गं. पण तिकडे तालमी सुरू झाल्यात."

तेव्हापासून दर कोजागिरीला दुधाच्या आधी तेवढे दोन प्रसंग दाखवतात, कवळीचा आणि दारांचा. नव्या कुटुंबांना मेधाताई आधीच ताकीद देतात की इथे गप्प बसणं हा उद्धटपणा समजला जातो. ओवाळणं आता सिनेमानंतर होतं. आणि यादीतल्या त्या ‘लांडगा’ शब्दाप्रमाणे मी आबांना व्हिडिओ कॉल लावते. तिकडे पहाट असते. पहिल्या वर्षी मी फोन पडद्याकडे धरला तर रागावले. "पडदा काय दाखवतेस, तो पाठ आहे मला. माणसं दाखव."

यंदाही मी हात उंच करून फोन हॉलकडे धरला. आबा मधे आजारी होते, ह्या वर्षी तालमींनाही गेले नाहीत. चेहरा उतरलाय, गळ्याला मफलर. ईरा आता दूर शहरात नोकरीला आहे, तिने मुद्दाम सुट्टी काढली होती आणि प्रोजेक्टरशी उभी होती. दिवे गेले. कवळी पडली, हशा आला. मी हळूच फोन जरासा वळवून बघितलं. आबांचे डोळे मिटलेले होते. झोप नव्हती ती. बोटं पलंगाच्या कडेवर ताल धरून होती, हशा चढतोय, चढला, आता उतरतोय.

शेवटच्या दाराशी लांडगा आला. आणि तो बोलला त्याच क्षणी, पहाटेच्या अंधारातून, बोळक्या तोंडाने, आबाही बोलले, "दार उघडा हो. मी आहे." हॉलमध्ये ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

फोन मी तोंडाजवळ आणला. पडद्यावर माझा हात बाहेर येईपर्यंत थांबले, जेवढं थांबायचं असतं तेवढंच.

"आबा," मी म्हटलं, "पाय पुसून या."